तोंड बांधल्याने घोडा शहाणा होत नाही

अर्नाळा, राजोडी, कळंब. वसई-विरारच्या या किनाऱ्यांवर सुट्टीच्या संध्याकाळी घोडे आणि घोडागाड्या फेऱ्या मारत असतात. येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर खोगिराच्या झालरीवर जाते, कपाळावरच्या गोंड्यावर जाते, गळ्यातल्या घुंगरांवर जाते. नाकावरून फिरून जबड्याखाली बकलात अडकवलेल्या पट्ट्याकडे मात्र कुणी पाहत नाही. त्याला साधं नाकपट्टा म्हणू. घोड्यांच्या जगात या पट्ट्याबद्दल एक समज पक्का बसलेला आहे, तो असा की पट्टा जितका घट्ट, तितका घोडा हाताशी. किनाऱ्यावर फेऱ्या मारणारे हे सांगतात, नवरदेवाची घोडी भाड्याने देणारे सांगतात, आणि चकचकीत रायडिंग क्लबातही जरा नेमस्त शब्दांत हेच शिकवलं जातं.

हा समज चुकीचा आहे. त्याची किंमत घोडा रोज मोजतो, आणि कधीकधी त्याच्या पाठीवर बसवलेलं पोरही मोजतं. म्हणून त्याचा समाचार नीट घ्यायला हवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, कारण घोडा पाळणाऱ्यांपैकीही पुष्कळांच्या ती ध्यानात नसते. नाकपट्टा हा लगामाचा आवश्यक भाग नव्हे. तोंडात बसणारं लोखंडी कडियाळं गालपट्ट्यांना अडकवलेलं असतं आणि गालपट्टे कानामागून जाणाऱ्या पट्ट्याला. नाकपट्टा त्यांच्यापासून अलग, स्वतःच्या वेगळ्या वादीवर लोंबतो. तो काढून खुंटीला टांगला तरी लगाम जसाच्या तसा चालतो. पोलोत त्याला जेरबंद अडकवतात. घोड्याने डोकं वर फेकून स्वाराचं नाक फोडू नये म्हणून नाकापासून छातीखालून तंगापर्यंत जाणारा हा पट्टा जुन्या हिंदुस्थानी चित्रांतल्या घोड्यांच्या छातीवरही दिसतो. तिथे नाकपट्ट्याला काम आहे. किनाऱ्यावर फेरी मारणाऱ्या घोड्याला जेरबंद नसेल, तर त्याच्या नाकावरच्या पट्ट्याचं काम काय, हा प्रश्न विचारायलाच हवा. प्रामाणिक उत्तर बहुधा एकच मिळतं : तोंड उघडू नये म्हणून.

तोंड बंद ठेवण्यासाठी माणसाने किती युक्त्या केल्या, ते दुकानातल्या मालावरूनच कळतं. साधा नाकपट्टा, ज्याला घोडेस्वार कॅव्हेसन म्हणतात, गालाच्या हाडाच्या कडेखाली सैलसा बसतो. त्याला पुढून आणखी एक बारीक वादी जोडून ती कडियाळ्याच्या खालून आवळली की फ्लॅश. पट्टाच खाली सरकवून हनुवटीच्या खाचेत बांधला की ड्रॉप. दोन वाद्या नाकावर एकमेकींना छेद देतात तो ग्रॅकल. १९३१ साली इंग्लंडची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकणाऱ्या ग्रॅकल नावाच्या घोड्यावरून त्याचं नाव पडलं. आणि सगळ्यांत कडक तो क्रँक : त्याची वादी कडीतून उलट वळून परत येते, त्यामुळे कप्पीचा फायदा मिळतो आणि हाताला जोर न लावता जबडा पूर्ण आवळता येतो. पहिला सोडला तर बाकीच्या चारांची रचनाच तोंड उघडू न देण्यासाठी झालेली आहे. जगभरच्या घोडेस्वारांना लागणारा साज मोठ्या प्रमाणावर कानपुरात शिवला जातो, त्यामुळे हे सगळे प्रकार आपल्याकडे परदेशी चैनीच्या वस्तू राहिलेले नाहीत. मागवले की येतात.

आता समर्थकांचा पहिला मुद्दा. घोडा तोंड उघडतो म्हणजे हट्ट करतो, कडियाळ्यातून सुटायला बघतो, जीभ कडियाळ्यावर काढतो. त्याला ही पळवाट ठेवली तर तो स्वाराचं ऐकणार नाही.

घोडा कडियाळ्यातून सुटायला बघतो, हे खरं आहे. पण का बघतो, हे विचारल्याशिवाय पट्टा आवळणं म्हणजे दाढ दुखणाऱ्या माणसाचा जबडा फडक्याने करकचून बांधून त्याचं विव्हळणं थांबलं असं जाहीर करणं. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे हिरडीवर आणि जिभेवर कडियाळं टेकतं. तिथल्या हाडावर मांसाची गादी नाही; पातळ त्वचेखाली लगेच हाड. लगाम खेचला की दाब जिभेवर, हिरडीवर, ओठांच्या कोपऱ्यांवर येतो. तो असह्य झाला की घोडा तोंड उघडतो, जीभ मागे घेतो किंवा वर काढतो, डोकं वर करतो. ही त्याची बोलण्याची रीत आहे. तोंडातलं कडियाळं रुंदीला कमी असेल, झिजून धारदार झालं असेल, स्वाराचा हात आडदांड असेल किंवा दात दुखत असतील, तर त्याच्याकडे ते सांगायला दुसरा मार्ग नाही.

दातांचा विषय इथे मुळाशी आहे. घोड्याचा वरचा जबडा खालच्या जबड्यापेक्षा रुंद असतो. दाढा आयुष्यभर हळूहळू वर येत राहतात आणि चघळताना एकमेकींवर घासून झिजतात. पण रुंदीतल्या या फरकामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड पुरती झिजत नाही. तिथे धारदार टोकं उभी राहतात. दिवसभर गवत चरणाऱ्या घोड्याचा जबडा आडवा खूप फिरतो. कोंडा-भरड्यावर ठेवलेल्या घोड्याचा तेवढा फिरत नाही, म्हणून त्याच्या दाढांना ही धार जास्त येते. पशुवैद्याकडून वर्षातून एकदा तरी कानशीने ती घासून घ्यावी लागते. वसई-विरारमध्ये किंवा मुंबईच्या उपनगरांत फेऱ्या मारणाऱ्या घोड्याच्या नशिबी हिरवं कुरण क्वचित येतं. आता या घोड्याच्या गालावरून पट्टा आवळला की काय होतं? गालाचं आतलं कातडं थेट त्या धारेवर दाबलं जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. आत जखम होते, ती चिघळते, दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा तिथेच बसतो. घोडा डोकं झटकतो आणि मालकाला वाटतं पट्टा अजून एक भोक आवळायला हवा.

तोंड बंद झालं की आणखी एक गोष्ट बंद होते. घोड्याच्या कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथी जबडा हलत असतानाच लाळ सोडतात. चघळणं, गिळणं, ओठ चाटणं ही त्याच्या स्वस्थपणाची खूण आहे. २०१६ साली सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी बारा घोड्यांवर क्रँक नाकपट्टा वेगवेगळ्या घट्टपणावर बांधून पाहिला. सर्वांत घट्ट बांधल्यावर हृदयाचे ठोके वाढले, डोळ्यांचं तापमान वाढलं, चघळणं थांबलं. आणि पट्टा सोडल्यावर गिळणं, चाटणं, जांभया देणं एकदम उसळून आलं. जे दाबून धरलं होतं ते मोकळं होताच बाहेर पडलं. बाहेरून शांत दिसणाऱ्या घोड्याच्या आत काय चाललेलं असतं, याचा हा पुरावा आहे. शांत घोडा आणि तोंड दाबलेला घोडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि घट्ट पट्ट्याचे समर्थक नेमकी हीच गल्लत करतात.

दुसरा मुद्दा क्लबांतून येतो आणि त्याला मान मोठा आहे. युरोपातले उत्तमोत्तम स्वार हेच वापरतात, ते काय वेडे आहेत? २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवलं. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला. घोडेस्वारीतलं भारताचं आधीचं सुवर्ण १९८२ सालचं, म्हणजे मध्ये एकेचाळीस वर्षं गेली. त्या चौघांतला हृदय मुंबईचा. हे यश मोठंच होतं, आणि त्यानंतर घोडेस्वारीकडे वळणाऱ्या मुलांना परदेशी साजाची ओढ वाटावी यात नवल नाही. पण छायाचित्रं बघून साज घेणाऱ्याला छायाचित्रामागचा वाद दिसत नाही.

तो वाद असा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांत उतरलेल्या ७५० घोड्यांचे नाकपट्टे मोजले गेले. जुन्या पुस्तकांतला नियम दोन बोटांचा : पट्टा आणि नाकाचं हाड यांमध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तो नियम पाळणारे निघाले अवघे ७ टक्के. ४४ टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली मोजपट्टीचं टोकही शिरलं नाही. म्हणजे उत्तमोत्तम मंडळी हेच करतात, हा युक्तिवाद वस्तुस्थिती म्हणून खरा निघाला. आणि त्यातूनच युरोपला स्वतःची लाज वाटली. डेन्मार्कच्या घोडेस्वारी महासंघाने २०१८ पासून नाकपट्टा मोजायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने ८ मे २०२५ पासून आपल्या सर्व स्पर्धांत एकसारखं मोजमापाचं साधन लागू केलं. नाकाच्या हाडावर, मधोमध, पट्ट्याखालून दीड सेंटिमीटर उंचीचं ते साधन सरकलं पाहिजे. ज्यांचं अनुकरण करा म्हणून सांगितलं जातं, त्यांनीच पट्टा सैल करायचा नियम केला आहे. आपल्याकडे मात्र त्यांचा क्रँक पोचला, नियम पोचला नाही.

तिसरा मुद्दा उलट दिशेने येतो. हे सगळे स्पर्धेच्या घोड्यांचे चोचले. किनाऱ्यावरच्या किंवा वरातीतल्या घोड्याला कशाला हवीत मोजमापं? त्याचा मालक रोज त्याला खाऊ घालतो, त्याच्याच जिवावर घर चालवतो, त्याला शिकवायला कुणी येऊ नये.

घोडेवाल्यांच्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हा मुद्दा मान्य करता येत नाही. स्पर्धेच्या घोड्याच्या पाठीवर वर्षानुवर्षं शिकलेला एकच माणूस असतो. किनाऱ्यावर दर दहा मिनिटांनी नवा माणूस बसतो. बहुतेकांनी आयुष्यात लगाम धरलेला नसतो. तोल गेला की तो लगामालाच लोंबतो आणि सगळं वजन घोड्याच्या हिरडीवर येतं. ज्या घोड्याच्या तोंडावर इतके अनाडी हात पडतात, त्याला तोंड उघडायची मुभा अधिक हवी की कमी? शिवाय किनाऱ्याची हवा खारट. घाम आणि मीठ यांनी चामड्याचा पट्टा लाकडासारखा कडक होतो. नायलॉनचा पट्टा कडक होत नाही, पण त्याच्या कडा कातडं कापतात. वाऱ्याने उडालेली वाळू पट्ट्याखाली अडकली की प्रत्येक पावलागणिक ती घासते. नाकाच्या हाडावर केस उडालेले किंवा पांढरे केस आलेले घोडे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

वरातीतली घोडी याहून अवघड परिस्थितीत असते. पुढे बँड, मागे जनरेटरच्या गाडीवर डोळे दिपवणारे दिवे, पायाशी फटाके, अंगावर जरीची झूल, आणि पाठीवर घाबरलेला नवरदेव, पुढ्यात बसवलेलं त्याचं भाचरू. ती उधळू नये म्हणून नाकावर दोरी किंवा साखळी आवळणं हा प्रचलित उपाय. वर तोंडात काटेरी कडियाळं. राजस्थान-गुजरातकडच्या या काटेदार लगामाची चाल आता सगळीकडे पसरली आहे. प्राण्यांवर निर्दयतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली केलेल्या १९६५ च्या ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांच्या नियमांत आठव्या नियमाने हे स्पष्ट निषिद्ध केलं आहे : जनावर हाकण्यासाठी, त्यावर स्वार होण्यासाठी किंवा ते आवरण्यासाठी काटे, गाठी किंवा टोकं असलेलं कडियाळं अथवा साज वापरता येत नाही, ज्याने सूज, खरचटणं किंवा तीव्र वेदना होईल असा धारदार साज वापरता येत नाही. नियमाला साठ वर्षं झाली. काटेरी कडियाळ्यावर घट्ट नाकपट्टा चढवला की काट्यांपासून जीभ दूर घ्यायची उरलीसुरली सोयही संपते. घट्ट पट्ट्याची बाजू घेणाऱ्यांनी हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणावं.

आणि सुरक्षिततेचं काय? हाच या समजाचा सगळ्यांत मोठा आधार, म्हणून त्यालाच जास्त वेळ द्यायला हवा. घोडा मोठा आहे, ताकदवान आहे, त्याने भिऊन धाव घेतली तर पाठीवरचं लेकरू पडेल. म्हणून पट्टा घट्ट हवा. यातली काळजी अस्सल आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. दुखलं, घाबरलं की पळणं ही त्याची लाखो वर्षांची सवय. दुखण्यापासून सुटायचा सर्वांत निरुपद्रवी मार्ग म्हणजे तोंड उघडणं. तो बंद केला की उरतं काय? डोकं आपटणं, मागे सरकत जाणं, दोन पायांवर उभं राहणं, उधळणं. पाठीवर बसलेल्याला धोका या चारांतून असतो, उघड्या तोंडातून नसतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, हेही इथे आठवावं. खाली सरकलेला ड्रॉप पट्टा किंवा नाकपुड्यांजवळ आवळलेली दोरी हाड संपून जिथे मऊ भाग सुरू होतो तिथे दाब देते. पळून आलेल्या, धापा टाकणाऱ्या घोड्याचा श्वास तिथे अडला की तो शांत होत नाही, जिवाच्या आकांताने झगडतो.

ग्रीक सेनानी झेनोफनने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. तो घोडदळातला माणूस. लढाईत घोडा हाताबाहेर गेला तर जीव जाणार हे त्याला पक्कं माहीत. मोतद्दाराने घोड्याला खरारा करायला किंवा लोळायला लगामाविना नेताना मुसकं बांधावं, असं त्याने सांगितलं, पण ते अशा प्रकारचं की चावता येऊ नये आणि श्वास अडू नये. चावण्याचा बंदोबस्त आणि श्वासाची मोकळीक या दोन्ही गोष्टी एकत्र साधायच्या असतात, इतकं भान त्या काळच्या तबेल्यात होतं.

मग निवड कोणती करावी? नुसतं खंडन करून घोडेवाल्याच्या हाती काही पडत नाही, म्हणून हे सविस्तर सांगायला हवं.

जेरबंद वापरत नसाल तर नाकपट्टा काढून पाहा. घोडा तसाच चालत असेल तर तो पट्टा इतके दिवस शोभेचा होता. लगामाखाली घोडा बांधायला म्होरकी असतेच, आणि ती नीट बसवलेली असेल तर वेगळ्या नाकपट्ट्याची गरज फेरीच्या घोड्याला सहसा पडत नाही. पट्टा हवाच असेल तर साधा कॅव्हेसन. फ्लॅश, ड्रॉप, ग्रॅकल, क्रँक या चारींना किनाऱ्यावर आणि वरातीत जागा नाही. ज्याच्या हाताखाली मोजणारा पंच नाही त्याने कप्पीचा पट्टा घेऊ नये. पट्टा दोन बोटं तरी रुंद असावा, आतून मऊ अस्तर असावं. बारीक दोरी तोच दाब कमी जागेवर टाकते आणि कापत जाते. म्हणून सुतळी, काथ्या, साखळी यांतलं काही नाकावर बांधू नये. गालाच्या हाडाची जी उभट कड हाताला लागते, तिच्या दोन बोटं खाली पट्टा बसावा. वर गेला तर कडेवर घासतो. खाली आला तर कडियाळं आणि पट्टा यांमध्ये ओठाचं कातडं चिमटतं.

बकल लावल्यावर मोजायचं कुठे, यात बहुतेकांची चूक होते. बाजूने, गालाच्या मांसल भागावर बोटं घातली तर घट्ट पट्ट्याखालीही ती जातात आणि समाधान होतं. मोजायचं नाकाच्या हाडावर, अगदी मधोमध, जिथे खाली दबायला काही नाही. तिथे दोन बोटं एकमेकांवर नव्हे, शेजारी शेजारी, सहज सरकली पाहिजेत. मग घोड्याला मूठभर गवत द्या. त्याला ते पट्ट्यासकट चघळता आणि गिळता आलं तर पट्टा बरोबर. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने पुसून मीठ आणि वाळू काढा, आठवड्याला चामड्याला तेल लावा. एवढी निगा तंगाची घेतली जाते, नाकपट्ट्याची घ्यायला कुणी अडवलेलं नाही.

आणि तरीही घोडा तोंड उघडत असेल, तर पट्ट्याच्या दुकानात जाऊ नये. पशुवैद्याकडे जावं, दाढा तपासाव्यात. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच परळला त्याआधीपासून बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय आहे; वसईहून ती काही दूर नव्हेत. त्यानंतर कडियाळं बघावं : रुंदी बरोबर आहे का, सांधे झिजलेत का, गंज आहे का. शेवटी स्वाराचा हात. फेरीच्या घोड्यावर उतारूला लगाम देऊच नये. त्याला धरायला खोगिराची मूठ किंवा गळ्यातला पट्टा द्यावा, घोडा मोतद्दाराने म्होरकीला दोर लावून चालवावा. एवढ्या एका बदलाने घोड्याच्या तोंडावरचा बहुतेक भार उतरतो.

काही अभ्यासू मंडळींचा एक आक्षेप उरतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं, पुरावा अजून अपुरा आहे. २०२० साली घोडदळातल्या १४४ प्रौढ घोड्यांच्या डोक्यांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा पट्टा बसतो त्या जागी ३७.५ टक्के घोड्यांच्या नाकाच्या हाडात बदल दोन्ही तज्ज्ञांना दिसले. पण पट्टा कधीच न बांधलेल्या घोड्यांशी तुलना त्यात नव्हती, म्हणून हे बदल पट्ट्यानेच झाले असं ठामपणे म्हणता येत नाही. आक्षेप बरोबर आहे. संशोधकांची बोटं जाड की बारीक, यावर दोन बोटांचं माप बदलतं, हाही बरोबर. म्हणूनच ठरावीक मापाचं साधन आलं. पण शंकेचा फायदा कुणाला द्यायचा? पट्टा सैल केल्याने घोड्याचं काय बिघडतं, याचा पुरावा घट्ट पट्ट्याच्या बाजूने पुढे आलेला नाही. नुकसान झालं असण्याची शक्यता एका बाजूला आणि नुसती सवय दुसऱ्या बाजूला असेल, तर सिद्ध करून दाखवायची जबाबदारी सवयीवर पडते.

दुसऱ्या टोकाहून येणारा आक्षेप असा की पट्ट्याची चर्चा म्हणजे मलमपट्टी, घोड्यांच्या फेऱ्याच बंद करा. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, वर्षभरात त्या बंद करायला सांगितल्या, आणि २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. माथेरानमध्ये डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा धावू लागल्या, तरी घोडे आहेतच. बंदी हवी की नको, हा वाद मोठा आहे आणि त्यात घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. तो वाद मिटेपर्यंत आज कामावर असलेल्या घोड्यांनी वाट बघत राहावी, असं मात्र कुणी सुचवू नये. पट्टा दोन भोकं सैल करायला न्यायालयाचा निकाल लागत नाही.

करण्यासारखं बरंच आहे, आणि ते इथेच करता येण्यासारखं आहे. १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. या रकमेच्या भीतीने कुणी पट्टा सैल करणार नाही, म्हणून नुसतं दंडावर विसंबून चालणार नाही. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असायला हवी. पालघर हा २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, तेव्हा ती जबाबदारी पालघरलाही लागू होते. वसई-विरार महापालिका आणि जिल्ह्याचं पशुसंवर्धन खातं यांनी मिळून किनाऱ्यावरच्या घोड्यांची नोंद करावी, वर्षातून एकदा दाढा घासण्याचं शिबिर भरवावं, आणि त्याच वेळी प्रत्येक घोड्याचा नाकपट्टा दीड सेंटिमीटरच्या मापाने तपासावा. माप सरकलं नाही तर दंड नको. जागेवर पट्टा सैल करून द्यावा, काटेरी कडियाळं असेल तर ते जप्त करून त्याच्या बदल्यात साधं गुळगुळीत द्यावं. घोडेवाला गरीब असतो, त्याला हाती साज मिळाला तर तो का नाकारेल? वरातीसाठी घोडी ठरवणाऱ्या घरांनीही पैसे देण्याआधी घोडीच्या तोंडात काय आहे ते बघायला मागावं, आणि नाकाच्या हाडावर दोन बोटं घालून पाहावीत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि घोड्यांना उसंत मिळत नाही. शिबिर भरवायचं तर ते दिवाळीच्या आत.